विजेरीच्या खोक्यावरचे आकडे

पाठ्यपुस्तकात जिला विजेरी म्हणतात, ती दुकानात टॉर्च असते आणि खेड्यात 'बॅटरी'. आत घालायच्या वस्तूला सेल म्हणायचे आणि सगळ्या उपकरणाला बॅटरी, असा आपल्या ग्रामीण भागाचा रिवाज आहे. नावातला हा घोटाळा वाटतो तितका चुकीचा नाही. विजेरीत दिवा, भिंग, बटण असे बरेच काही असले, तरी तिची लायकी शेवटी आतल्या विद्युतघटावरच ठरते. या लेखात आपण तेच पाहणार आहोत. बाजारात दोन-चारशे रुपयांना मिळणारी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी एलईडी विजेरी कशी पारखावी, आणि ही पारख शाळेत, फारशा साधनांशिवाय, विद्यार्थ्यांकडून कशी करून घ्यावी, हा आपला विषय आहे.

उदाहरणासाठी गाव घेऊ घाटनांदूर. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातले हे मोठे गाव परळी ते लातूर रोड या लोहमार्गावर आहे. याच मार्गावरच्या परळीला १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आली आहे. (पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ साली ते केंद्र बंद ठेवावे लागले होते, हेही या भागातल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.) वीज इतकी जवळ तयार होत असली तरी शेतीपंपाला ती केव्हा मिळेल, हे वेळापत्रकावर ठरते. अनेक वर्षे राज्यात शेतीचा तीन फेजचा पुरवठा आळीपाळीने दिला जात होता. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. त्यामुळे काही भागात दिवसा वीज मिळू लागली, तरी रात्री हरभऱ्याला किंवा उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस अजून दिसेनासा झालेला नाही. मोटार चालू करून बांधाबांधाने चालत जायचे, पाटातले पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचे, म्हणजे दारे धरायचे, आणि हे सगळे अनवाणी किंवा चपलेवर. हातात असते ती 'बॅटरी'.

तिचे काम काय असते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पारख कामावरून करायची असते. पावलापुढची तीन-चार मीटर जमीन स्पष्ट दिसावी, पाटाचे पाणी कुठे फुटले ते कळावे, आणि नाग, घोणस, मण्यार किंवा फुरसे वाटेत असेल तर पाय पडण्याआधी दिसावे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. मण्यार तर रात्रीच फिरते. दंश झाल्यावर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी लवकर पोचणे हा उपाय आहेच. पण साप आधी दिसणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. म्हणून विजेरी पहाटे तीन वाजता किती प्रकाश देते, हा प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. दुकानात ती किती झगझगीत दिसते, हा नाही.

खोके काय म्हणते

आता समजा, विजेरीच्या खोक्यावर असे छापले आहे : १०,००० लुमेन, ३ किलोमीटर पल्ला, ४८०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम घट, १० तास प्रकाश. असे आकडे बाजारात मुळीच दुर्मिळ नाहीत. हे चारही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात का? याचे उत्तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला काढता येते. त्यासाठी विजेरी उघडावीही लागत नाही.

प्रथम ऊर्जा किती आहे ते पाहू. लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरतात. ४८०० मिलिअँपिअर-तास म्हणजे ४.८ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार ४.८ × ३.७ = सुमारे १७.८ वॉट-तास. खोक्याचे सगळे खरे मानले तरी या घटात एवढीच शिदोरी आहे.

आता खर्च पाहू. लुमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे माप आहे. जुना तापदीप्त बल्ब दर वॉटमागे दहा-बारा लुमेन देई. चांगला पांढरा एलईडी शंभर ते दीडशे देतो. स्वस्त विजेरीत भिंगात आणि तारांत होणारी घट धरली तर शंभर हा आकडाही उदारच आहे. तरी शंभर धरू. मग १०,००० लुमेनसाठी १०,००० ÷ १०० = १०० वॉट लागतील. शिदोरी १७.८ वॉट-तासांची आणि खर्च ताशी १०० वॉट-तासांचा. विजेरी चालेल १७.८ ÷ १०० तास, म्हणजे सुमारे ११ मिनिटे. खोक्यावर दहा तास लिहिले आहेत.

गणित इथेच संपत नाही. ३.७ व्होल्टवर १०० वॉट काढायचे तर सुमारे २७ अँपिअर प्रवाह वाहावा लागेल. तेवढा प्रवाह त्या बटणातून आणि केसासारख्या तारांतून जाणार नाही. शिवाय एलईडीला दिलेल्या विजेपैकी अर्ध्याहून अधिक विजेची उष्णताच होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची साधी डाग देण्याची इस्त्री २५ वॉटची असते. तिच्या दुपटीहून जास्त उष्णता बोटभर जाडीच्या नळीत कोंडली तर ती हातात धरवणार नाही. विजेरी तासभर लावल्यावरही जेमतेम कोमट होते ना? मग ती १०० वॉट वापरत नाही, हे हाताच्या तळव्यानेच सिद्ध झाले. हा पुरावा मला सर्व पुराव्यांत जास्त आवडतो. त्याला एक पैशाचेही साधन लागत नाही.

मग खरे काय असेल? अशा विजेरीचा एलईडी बहुधा तीनेक वॉटवर चालतो. म्हणजे सुमारे ३०० लुमेन. ही काही नालस्तीची गोष्ट नाही. दोन मोठ्या सेलच्या जुन्या पितळी विजेरीतला बल्ब पाऊण वॉटचा असे आणि त्याचा प्रकाश दहा लुमेनही भरत नसे. त्याच विजेरीवर दोन पिढ्यांनी रात्रीची दारे धरली. तीनशे लुमेन हे मोठेच काम आहे, आणि नेमका म्हणूनच दहा हजारांचा खोटेपणा अनावश्यक वाटतो.

घटाचे वजन आणि आलेखाचे चौकोन

आता शिदोरीचाच आकडा तपासू. या विजेऱ्यांत पुष्कळदा '१८६५०' नावाचा दंडगोल घट असतो. नावातच माप आहे : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे दंडगोल. लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणले. त्यामागच्या रसायनशास्त्रासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरच्या कारखान्यांनी तीस वर्षे खटपट करून या आकाराच्या घटाची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास नेली. अगदी अलीकडचे काही घट ४००० पर्यंत पोचले आहेत. तेव्हा एका १८६५० घटावर ४८००, ६८०० किंवा ९८०० छापलेले दिसले तर छापखान्याचे कौतुक करावे आणि आकडा सोडून द्यावा.

खरा घट जड असतो. चांगल्या १८६५० चे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. घट बाहेर काढता येत असेल तर तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा. तीस ग्रॅमच भरला, तर आत ऊर्जा साठवणारा माल कमी आहे एवढे निश्चित. मात्र घट फोडून पाहण्याचा मोह विद्यार्थ्यांना होऊ देऊ नये. लिथियम-आयन घटाला भोक पडले किंवा त्याचे दोन टोक जोडले गेले, तर तो पेट घेऊ शकतो.

क्षमता प्रत्यक्ष मोजण्याची एक जुनी शालेय पद्धत आहे. विजेरीचे मागचे झाकण फिरकीचे असेल तर ते काढा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून त्याची एक टोचणी घटाच्या उघड्या टोकाला आणि दुसरी विजेरीच्या धातूच्या कडेला लावा. मीटरमधून प्रवाह वाहतो, दिवा लागतो, आणि किती अँपिअर जातात ते दिसते. टोचणी एकाच वेळी घटाच्या टोकाला आणि बाजूच्या धातूला लागणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. वाचन झाले की झाकण बसवून विजेरी चालू ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा वाचन घ्यायचे.

समजा वाचने अशी आली : सुरुवातीला १.२ अँपिअर, अर्ध्या तासाने ०.९, एका तासाने ०.७, दीड तासाने ०.५, दोन तासांनी ०.३ आणि अडीच तासांनी ०.१. (हे आकडे कागदावरचे आहेत, आपले वेगळे येतील.) आलेखकागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर प्रवाह घेऊन वक्र काढा आणि त्याखालचे चौकोन मोजा. ते क्षेत्रफळ म्हणजेच घटातून बाहेर पडलेला विद्युतभार. वरच्या आकड्यांवरून तो सुमारे १.५ अँपिअर-तास, म्हणजे १५०० मिलिअँपिअर-तास निघतो. खोक्यावरच्या ४८०० चा तिसरा हिस्सादेखील नाही. वक्राखालचे क्षेत्रफळ कशाला मोजायचे, असे विचारणाऱ्या अकरावीच्या मुलाला संकलनाचा धडा सुरू करण्यासाठी याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

या आलेखात आणखी एक गोष्ट दिसते. प्रवाह पहिल्या मिनिटापासूनच उतरू लागतो. स्वस्त विजेरीत एलईडीला जाणारा प्रवाह स्थिर राखणारे मंडल नसते. घटाचा दाब ४.२ व्होल्टवरून खाली येत जातो तसा दिवा मंदावतो. महाग विजेरीत असे मंडल असते. ती बराच वेळ एकसारखा प्रकाश देते आणि मग एकदम खालच्या पायरीवर येते. यांत कोणती चांगली हे कामावर अवलंबून आहे. हळूहळू मंदावणारी विजेरी निदान घरी परतायची सूचना तरी देते.

'दहा तास' हा शब्दप्रयोगही इथेच उलगडतो. विजेऱ्या मोजण्याचे 'एफएल-१' नावाचे एक अमेरिकी मानक २००९ साली तयार झाले. त्यानुसार प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे 'चालण्याचा काळ'. याचा अर्थ असा की, मानक प्रामाणिकपणे पाळणाऱ्या विजेरीचेही शेवटचे काही तास अगदी मंद असू शकतात. आणि पुष्कळ खोक्यांवर तर कोणतेच मानक पाळलेले नसते.

ही उतरण डोळ्यांना सहज कळत नाही. आपली दृष्टी प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही, ती साधारणपणे घनमुळाच्या हिशेबाने चालते. प्रकाश आठपट केला तर तो दुप्पट उजळ वाटतो. म्हणून ३०० लुमेनची विजेरी ७० वर आली तरी ती निम्म्याहून अधिक उजळ भासते. याचा फायदाही करून घेता येतो. सात-साडेसात वॉट-तासांचा, म्हणजे खऱ्या २००० मिलिअँपिअर-तासांचा घट तीन वॉटवर अडीच तासांत संपेल. तोच पाऊण वॉटच्या 'मंद' खटक्यावर वापरला तर दहा तास चालेल आणि ७० लुमेन देईल. पावलापुढची जमीन पाहायला तेवढे पुरेसे असते. रात्रभराच्या पाण्यासाठी घ्यायच्या विजेरीला मंद खटका आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे. काही विजेऱ्यांत त्याऐवजी दिवा लुकलुकवण्याचा खटका असतो. त्याचा बांधावर काहीएक उपयोग नाही.

तेलाच्या डागाने पल्ला मोजणे

तीन किलोमीटरच्या दाव्याकडे आता वळू. इथे लुमेनचा उपयोग नाही. सगळा प्रकाश किती, यापेक्षा तो एका दिशेला किती एकवटला आहे, हे महत्त्वाचे. त्याचे एकक कँडेला. नावाप्रमाणे त्याचा उगम मेणबत्तीत आहे. १९७९ पासून त्याची व्याख्या काटेकोर झाली असली तरी एक साधी मेणबत्ती अजूनही सुमारे एक कँडेला भरते. निसर्गाने शाळेला फुकट दिलेले हे प्रमाण आहे असे म्हणायला हरकत नाही.

वर सांगितलेल्या मानकात पल्ल्याची व्याख्या अशी आहे : ज्या अंतरावर विजेरीचा झोत पाव लक्स एवढाच उजेड पाडतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. एक कँडेलाचा दिवा एक मीटरवर एक लक्स उजेड पाडतो, आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात तो कमी होतो. यावरून पल्ला मीटरमध्ये = २ × √कँडेला, असे सूत्र मिळते. तीन किलोमीटरसाठी १५०० चा वर्ग, म्हणजे साडेबावीस लाख कँडेला हवेत. मोटारीच्या समोरच्या सगळ्या मोठ्या दिव्यांनी मिळूनही ४,३०,००० कँडेलांच्या पुढे जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे. खिशातली विजेरी मोटारीच्या पाचपट तीव्र झोत टाकते, असे खोक्याचे म्हणणे झाले!

खरा पल्ला मोजण्यासाठी रॉबर्ट बुन्सेन यांनी एकोणिसाव्या शतकात वापरात आणलेला तैलबिंदू-प्रकाशमापी पुरतो. हे तेच प्रयोगशाळेतल्या बर्नरवाले बुन्सेन. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी गोडेतेलाचा रुपयाएवढा डाग पाडा आणि कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा बसवा. अमावास्येच्या जवळपासची रात्र आणि शाळेचे मैदान किंवा लांब व्हरांडा निवडा. कागदाच्या एका बाजूला २० मीटरवर विजेरी स्थिर ठेवून तिच्या झोताचा मध्य कागदावर पाडा. दुसऱ्या बाजूला मेणबत्ती लावा आणि वारा लागू नये म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा करा. आता मेणबत्तीच्या बाजूने कागदाकडे पाहत ती मागेपुढे सरकवा. विजेरीचा उजेड जास्त असेल तर डाग उजळ दिसेल, मेणबत्तीचा जास्त असेल तर काळपट. ज्या जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो तिथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झालेला असतो.

समजा मेणबत्ती तेव्हा कागदापासून ३० सेंटिमीटरवर आहे. अंतरांचे गुणोत्तर २० ÷ ०.३ = सुमारे ६७. त्याचा वर्ग सुमारे ४,४५०, म्हणजे झोताची तीव्रता तितके कँडेला. आणि पल्ला? सूत्रात वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात. राहते ते गुणोत्तराची दुप्पट : सुमारे १३३ मीटर. म्हणजे दोन अंतरे मोजायची, भागायची आणि दुप्पट करायची. तीन किलोमीटरच्या विजेरीचा निकाल टेप आणि मेणबत्तीने लागतो.

एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. मेणबत्तीचा उजेड पिवळा आणि विजेरीचा निळसर असल्याने डाग पूर्णपणे पुसला जात नाही. चार-पाच मुलांनी स्वतंत्रपणे जागा ठरवावी आणि सरासरी घ्यावी. दहा-वीस टक्क्यांची चूक गृहीत धरावी. आपल्याला १३३ आणि १४० यांतला फरक शोधायचा नाही, १३३ आणि ३,००० यांतला शोधायचा आहे. ज्यांच्याकडे प्रकाश मोजणारा मोबाइल फोन आहे त्यांनी त्याचाही उपयोग करावा. त्यावरचे लक्स अचूक असतीलच असे नाही, पण एकाच फोनने दर पंधरा मिनिटांनी घेतलेली वाचने परस्परांशी ताडून पाहायला चांगली असतात. झाकण न निघणाऱ्या विजेरीचा उतरता आलेख याच मार्गाने काढावा लागेल.

झोत जितका दूर जातो तितका तो अरुंद असतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पुढचे डोके ओढून झोत लहानमोठा करता येणाऱ्या विजेऱ्या हल्ली फार खपतात. डोके पूर्ण पुढे ओढून झोत भिंतीवर टाका. उजेडाचा चौकोन दिसेल. ती एलईडीच्या चौकोनी पाकळीची प्रतिमा आहे. पाकळी भिंगाच्या नाभीपाशी आली की भिंग तिचे चित्रच दूरवर फेकते. मात्र भिंग पाकळीपासून लांब गेल्याने पुष्कळ प्रकाश नळीच्या आतल्या बाजूवर आपटून वाया जातो. झोत तीव्र दिसतो आणि एकूण प्रकाश घटलेला असतो. रानडुकरे पिकात शिरली आहेत का हे लांबून पाहायला तो चौकोन ठीक. पायाखाली पाहायचे तर डोके मागे सारावे.

रंगाविषयी थोडेसे. विझलेल्या विजेरीच्या भिंगातून आत पाहिले तर एलईडीवर पिवळा ठिपका दिसतो. तो पिवळ्या स्फुरदीपी पुडीचा थर आहे. खालची पाकळी निळा प्रकाश देते, थर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो आणि मिश्रण पांढरे दिसते. तेजस्वी निळा एलईडी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सादर केला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. जुन्या सीडीवरून परावर्तित करून हा प्रकाश पाहिला तर निळा पट्टा ठळक, निळा आणि हिरवा यांच्या मध्ये अंधूक जागा, आणि तांबडा रंग उणा दिसतो. स्वस्त, निळसर एलईडीत तांबडा फारच कमी असतो, त्यामुळे तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात. काळी माती, वाळला पाला आणि घोणशीच्या अंगावरचे ठिपके यांचा विचार करा. दोन विजेऱ्यांतून निवडायची झाल्यास पाचोळ्यावर ठेवलेली तपकिरी दोरी कोणत्या प्रकाशात आधी दिसते, ते पाहून निवडावी.

जोडणीचा धोका

बाजारात दुसऱ्या एका जातीच्या विजेऱ्याही फार आहेत. त्यांच्या पाठीतून दोन पिना बाहेर निघतात आणि त्या थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतात. यांत बहुधा ४ व्होल्टचा शिसे-आम्ल घट असतो. तो लिथियमपेक्षा बराच जड. एक किलो शिसे-आम्ल घटात तीस-चाळीस वॉट-तास मावतात, लिथियम-आयनमध्ये दीडशे ते अडीचशे.

मुद्दा वजनाचा नाही. इवल्याशा विजेरीत २३० व्होल्टचे ४ व्होल्ट कसे होतात? रोहित्र असते तर विजेरी जड झाली असती. त्याऐवजी आत एक संधारित्र असते. ते सुमारे १ मायक्रोफॅरडचे असेल तर ५० हर्ट्झवर त्यातून वाहणारा प्रवाह = २ × ३.१४ × ५० × ०.०००००१ × २३० = ०.०७२ अँपिअर, म्हणजे ७२ मिलिअँपिअर. पुढे चार डायोड लावून तो घटात सोडतात. ८०० मिलिअँपिअर-तासांचा घट भरायला अकरा तासांहून जास्त का लागतात, याचे उत्तर यातच आहे. बारावीच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या धड्याला हे उदाहरण अगदी चपखल बसते.

पण याच मांडणीत धोका आहे. रोहित्र घरातल्या विजेला उपकरणापासून अलग ठेवते, संधारित्र ठेवत नाही. विजेरी सॉकेटमध्ये असेपर्यंत तिच्या आतल्या घटाला, तारांना आणि एलईडीला घरातल्या विजेचा थेट संबंध असतो. प्लास्टिकला तडा गेला असेल, बटणाची टोपी निघालेली असेल, किंवा हात ओले असतील, तर धक्का बसू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. चार्जिंगला लावलेली विजेरी चालू करून पाहू नये. तडा गेलेली विजेरी चिकटपट्टी लावून वापरू नये. वर सांगितलेला मल्टिमीटरचा प्रयोग या जातीच्या विजेरीवर करू नये. तिची पारख फक्त बाहेरून, मेणबत्तीने आणि घड्याळाने करावी. शेतातून ओल्या हाताने येऊन विजेरी सॉकेटमध्ये खुपसणाऱ्या घरच्या माणसांना हे मुलांनी सांगितले, तर शिक्षकांपेक्षा जास्त ऐकले जाईल असा माझा अनुभव आहे.

निवड करायचीच असेल तर वेगळ्या चार्जरने भरली जाणारी लिथियमची विजेरी मला अधिक पसंत आहे. चार्जर चांगला असेल तर घरातली वीज विजेरीपर्यंत येतच नाही. लिथियमचे स्वतःचे पथ्य आहे. तो उन्हात तापू देऊ नये, फुगलेला घट वापरू नये, आणि रात्रभर अंथरुणाजवळ चार्जिंगला लावून झोपू नये. शिसे-आम्लाचे पथ्य उलटे. तो रिकामा ठेवला की त्याच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तो पुन्हा नीट भरत नाही. म्हणून वापर झाला की त्याच दिवशी तो भरून ठेवावा. पावसाळा संपल्यावर कोनाड्यात पडलेली विजेरी दिवाळीला लागत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

कोणताही घट वर्षागणिक झिजतो. साधारण लिथियम घट तीनशे ते पाचशे वेळा भरल्यानंतर बराच क्षीण झालेला असतो. विजेरी आणल्यावर पूर्ण भरून, मंद खटक्यावर ती किती तास चालते ते एकदा मोजावे आणि तो आकडा तारखेसह न पुसणाऱ्या शाईने तिच्या बुडावर लिहून ठेवावा. रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी हीच मोजणी दरवर्षी करावी. लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ती आली, की घट बदलायचा. बदललेला जुना घट कचऱ्यात किंवा शेकोटीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.